लवकर वाळणारी चड्डी आणि कोरडेभाऊ

दौऱ्यावर निघताना कोरडेभाऊ सगळ्यांना एकच प्रश्न विचारत, तोही दवाखान्याच्या व्हरांड्यात, चारचौघांत. "साहेब, आतून काय घातलं?" नवीन आलेला माणूस लाजून लाल व्हायचा. सिस्टरांना ते असं विचारत नसत. त्यांच्याकडे पाठ करून भिंतीशी बोलत, "सिस्टर, मी काही इचारत नाई. फक्त सुती असन तं एक जोड जास्तीचा घ्या." सिस्टरही त्यांच्या पाठीलाच उत्तर देत, "घेतला भाऊ, आता चला पुढं."

त्यांचं आडनाव वेगळं होतं. कोरडेभाऊ हे नाव दवाखान्याने ठेवलेलं. गडचिरोलीच्या ज्या आरोग्य केंद्रात मी औषधांचा साठा सांभाळत होतो, तिथे ते आरोग्य सेवक होते. गावोगाव जाऊन तापाच्या माणसांचं रक्त काचपट्टीवर घ्यायचं आणि मलेरिया निघाला की गोळ्या पोचवायच्या, हे त्यांचं काम. पावसाळ्यात आमच्याकडची अर्धी गावं नाल्यांपलीकडे अडकतात. तेव्हा पॅन्ट काढायची, गुंडाळून डोक्यावर बांधायची, कमरेएवढ्या पाण्यातून पार व्हायचं, पुन्हा पॅन्ट चढवायची आणि चालायचं. म्हणजे पॅन्ट कोरडी आणि आतली चड्डी दिवसभर ओली. त्यात किती माणसं हैराण होतात ते मला साठ्यावरून कळायचं. जुलै ते सप्टेंबर या काळात गजकर्णाच्या मलमाच्या जेवढ्या ट्यूब जात, तेवढ्या उरलेल्या नऊ महिन्यांत जात नसत. त्यातल्या बऱ्याच आमच्याच कर्मचाऱ्यांना लागत.

भाऊ मूळचे गोंडपिपरीकडचे, मासेमारी करणाऱ्या घरातले. पाण्याची त्यांना भीती नव्हती. "पाणी काही करत नाई साहेब," ते म्हणत, "पाण्यातून निघाल्यावर जे वलं राह्यते ना अंगावर, ते माणसाले खाते." जंगलात प्राणी मोजायला आलेल्या एका शहरी पाहुण्याने त्यांना डोंगर चढणाऱ्यांची एक चड्डी दिली होती. पातळ, कृत्रिम धाग्याची, पिळली की जवळजवळ वाळलेली. त्या दिवसापासून भाऊ दुसरं काही घालेनात. चंद्रपूरला शिकणाऱ्या मुलीकडून त्यांनी तशाच आणखी मागवल्या. एक अंगावर आणि एक पिशवीच्या पाठीला पिनेने टोचलेली, अशी त्यांची रीत होती. गावात शिरले की बाया हसत. "आला पाहा झेंडा घेऊन," एक म्हातारी म्हणायची. "हस तू, पण तुह्या पोराले जांगा चोळत बसा लागते, मले नाई," भाऊ तिला सांगत.

मला कुणाचं म्हणणं मोजल्याशिवाय पटत नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात, भर पावसात, मी माझी सुती आणि त्यांची एक अशा दोन्ही सारख्या पिळून दोरीवर टाकल्या आणि घड्याळ लावलं. त्यांची बावन्न मिनिटांत वाळली. माझी दुसऱ्या दिवशी दुपारीही इलॅस्टिकपाशी दमट होती. भाऊंनी हसत ती वाळलेली चड्डी मलाच देऊन टाकली. "नवी हाये, एकदाच धुतली. ठेवा."

ती मी एका आठवड्यात घालवली. आमच्याकडे पावसाळ्यात लहान मुलांचे कपडे वाळवायला विस्तवावर टोपली उलटी घालतात आणि तिच्यावर कपडे पसरतात. घरात तेव्हा धाकटी तान्ही होती. तिच्या लंगोटांशेजारी मी ती चड्डीही पसरली, का, तर लवकर वाळावी. ज्या कापडाला विस्तवाची गरजच नव्हती, ते मी विस्तवावर ठेवलं. दहा मिनिटांत ते आक्रसून पापडासारखं झालं. बायको म्हणाली, "भाऊंना सांगून टाका, ते काय खाणार आहेत का तुम्हाला?" मी म्हणालो, उद्या सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा किलोमीटरवरच्या उपकेंद्रातून सिस्टरांचा फोन आला. सात महिन्यांची गरोदर बाई, मेंदूपर्यंत चढलेला मलेरिया, इंजेक्शनं संपलेली. डॉक्टर पुरामुळे तालुक्याला अडकलेले. वाटेत दोन नाले. नाला एकट्याने पार करायचा नाही हा भाऊंचा नियम होता, आणि जाण्यासारखा दुसरा माणूस म्हणजे मीच. इंजेक्शनं मी दोनदा मोजून प्लास्टिकमध्ये बांधली. भाऊंनी हिशोब सांगितला. "वरच्या तलावाचा सांडवा पहाटेपासून वाहून राह्यला. ते पाणी दुसऱ्या नाल्यात अकराच्या पुढं येईन. आपण दहाले तिथं पाह्यजे." मग नेहमीचा प्रश्न. "आतून काय घातलं, साहेब?"

"तुम्ही दिलेलीच," मी म्हणालो.

साठ्यात एका गोळीचा फरक आला तर मी संध्याकाळपर्यंत जेवत नसे. हे वाक्य मात्र तोंडातून सहज गेलं.

पहिला नाला सातच्या सुमारास पार झाला. माझा शर्ट लांब होता, त्यामुळे पॅन्ट काढली तरी खालची चड्डी भाऊंना दिसली नाही. नंतर पाऊण तास काही वाटलं नाही. मग मांडीला आग सुरू झाली. चौथ्या किलोमीटरला मी पाय फाकवून चालू लागलो, पाचव्याला थांबून थांबून. तासाला चार किलोमीटरचा वेग दीडवर आला, हे मला घड्याळात दिसत होतं आणि पुढे चालणाऱ्या भाऊंच्या मागे वळून पाहण्यातही. शेवटी ते थांबले. माझ्या चालीकडे पाहिलं.

"सुती हाये."

"हो."

"मंग सकाळी काऊन तसं सांगतलं?"

मी टोपलीची हकीकत सांगितली. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पिशवीवरची चड्डी काढून माझ्या हातात दिली आणि पाठ फिरवून उभे राहिले. सुती काढली तेव्हा तिला रक्त लागलेलं होतं. नवी घालून बरं वाटलं, पण सोललेली कातडी काही तेवढ्याने भरून येत नाही.

दुसऱ्या नाल्यावर पोचलो तेव्हा अकरा चाळीस झाले होते. पाणी गढूळ होऊन छातीला लागेल एवढं वर आलं होतं. दोघांनी एक बांबू आडवा धरायचा, एकाने पाऊल उचललं की दुसऱ्याने दोन्ही पाय तळाला रोवायचे, अशी पार होण्याची पद्धत. पाचव्या पावलाला सोललेल्या मांड्यांत कळ गेली आणि माझे रोवलेले पाय सुटले. बांबू फिरला, भाऊही कलंडले. त्यांनी मला दंडाला धरून काठावर ओढलं.

"तुम्ही इथीच बसा."

"भाऊ, एकट्यानं नाही जायचं. तुमचाच नियम आहे."

"नेम मले ठाऊक हाये. त्या बाईले ठाऊक नाई."

इंजेक्शनांची पिशवी त्यांनी दुपट्ट्याने डोक्यावर बांधली आणि बांबू घेऊन उतरले. मध्यावर नुसती पिशवी आणि चेहरा दिसत होता. मग ते आडवे ओढले गेले, आणि मी घड्याळाकडे पाहणं सोडून दिलं. बरंच खाली, एका वाकलेल्या फांदीला ते खांद्याने आदळले. फांदी एका हाताने धरली, दुसरा हात डोक्यावरच्या पिशवीवर. कसे बाहेर निघाले ते मला नीट सांगता येणार नाही. पलीकडून त्यांनी मला परत जा अशी खूण केली, उजव्या हाताने. डावा लोंबत होता.

चौथ्या दिवशी ते परत आले. बाई दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली होती आणि पाणी मागत होती. डॉक्टरांनी विचारलं, "एकटे कसे गेलात?" भाऊ म्हणाले, "साहेबाले ताप भरला वाटेत. मीच वापस धाडलं." अहवालात तसंच लिहिलं गेलं. खाली साक्षीदार म्हणून मी सही केली. त्यांचा डावा हात पुढे कधी खांद्याच्या वर गेला नाही. कपाटातला वरचा खोका काढायचा असला की ते मला हाक मारत, आणि मी दर वेळी उठून जाई.

दोन वर्षांनी माझी राजुऱ्याला बदली झाली. निरोपाच्या दिवशी सगळ्यांसमोर खरं सांगून टाकायचं मी ठरवलं होतं. चहाच्या वेळी तसं भाऊंना बोललो. ते कप खाली ठेवून म्हणाले, "सांगू नोका, साहेब. सांगसान तं मन हलकं होईन तुमचं. मंग इसरून जासान." म्हणून भाषणात मी फक्त त्यांचे आभार मानले.

मागच्या उन्हाळ्यात भाऊ गेले. मला थांबवणारं आता कुणी नाही, म्हणून हे लिहिलं. सगळं जसं घडलं तसं लिहून दोनदा तपासलं. हलकं काही वाटलं नाही.