बॅटरीवरचा गूळ

गाडीची वायर उंदरानं कुरतडली की कोल्हापुरात एकच नाव निघायचं, मंगळवार पेठेतला गुंडू. बाकीचे इलेक्ट्रिशियन अख्खं वायरिंग बदलायला लावून गाडीवाल्याला घाम फोडायचे. गुंडू तसला नव्हता. बॉनेट उघडून आधी उंदराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, मग एकेक तुकडा शोधून हिरवीला हिरवी, पिवळीला पिवळी जोडायचा. लालच्या जागी काळी लावली तर ह्याला जेवण जायचं नाही, असा खुळा माणूस!

काम झालं की त्याचा एक रिवाज होता, त्याच्या उस्तादानं घालून दिलेला. बॅटरीला हळदीकुंकू लावायचं, शेजारी सुपारीएवढा गुळाचा खडा ठेवायचा आणि मगच चावी फिरवायची. "नव्या जोडाचं तोंड गोड करायचं असतंय," म्हणायचा. खडा तसाच आत ठेवून बॉनेट बंद. गाडीवाले हात जोडून जायचे. आता ह्यात काय चुकतंय हे शेंबड्या पोरालाही कळावं, पण पेठेतल्या एकाही शहाण्याला कळलं नाही. गुंडूला तर नाहीच नाही.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात सयाजीची जीप आली. सयाजी मलकापूरच्या रस्त्यावर वडाप करायचा, म्हणजे जीपमधून भाड्याची माणसं न्यायचा. गुंडूचा जुना दोस्त. उंदरानं हेडलाइटच्या वायरी खाल्ल्या होत्या. गुंडूनं दिवसभर बसून जोडल्या, गूळ ठेवला. तीन आठवड्यांनी आंबा घाटात, दिवेलागणीला, भर धुक्यात दोन्ही दिवे एकदम गेले. जीप रिकामी होती म्हणून बरं. ती कठड्यावर आदळली आणि सयाजीचा उजवा पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

गुंडूनं जाऊन जीप बघितली. त्याचे जोड जसेच्या तसे होते, वायर जोडाच्या बाजूला उंदरानं नव्यानं कुरतडलेली. त्याला केवढं हायसं वाटलं! आपला हात चुकला नाही, एवढंच त्यानं धरून ठेवलं. दवाखान्यात सयाजीच्या बायकोनं, बाळाबाईनं, डोळ्याला पदर लावून त्यालाच हात जोडले. "भावजी, तुमी गूळ ठिवलासा म्हणून ह्यांचा जीव वाचला बगा. पायावर निभावलं." गुंडूनं मान डोलावली. मनातून खरं तर तो सुखावलाच.

पाच वर्षं गेली. दूध डेअरीचे चेअरमन हंबीरराव वर्षात तिसऱ्यांदा गाडी दोरीनं ओढत घेऊन आले. ह्या वेळी त्यांनी स्वतःच बॉनेट उघडलं. बॅटरीपाशी गुळाचा चिकट डाग, त्याला लागलेली मुंग्यांची रांग आणि भोवतीनं उंदराच्या लेंड्या.

"गुंड्या," हंबीरराव चौकात ऐकू जाईल असं ओरडले, "उंदराला जेवायचं आवतान तूच देतोस व्हय रं?"

चहाच्या गाड्यावरची माणसं धावली. आधी फिदीफिदी हसली. मग एकजण म्हणाला, माझी गाडी दोनदा आली. दुसरा म्हणाला, माझीही की! संध्याकाळपर्यंत पेठभर झालं, गुंडू धंदा वाढवायला मुद्दाम गूळ ठेवतो. अरे, एवढी अक्कल असती तर तो आयुष्यभर पत्र्याच्या खोक्यात बसला असता का? पण सांगायचं कुणाला. वीस वर्षांत मिळवलेलं नाव एका दिवसात मातीत गेलं.

 लोक लबाड म्हणत होते, ते गुंडूला ऐकूच येत नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढं सयाजीची जीप होती.

दुसऱ्या दिवशी तो कळंब्याला गेला. तिथं घरापुढंच सयाजीची पानपट्टी होती. मित्राला बघून सयाजी खुलला. "आलास व्हय! सेकंडहँड तीन चाकी स्कूटर घेतलीया, दिवा लागत न्हाय बग. तुझ्याशिवाय दुसऱ्याला हात लावू दिला न्हाय म्या."

गुंडू खाली बसला. अर्ध्या तासात जोड दिला, दिवा लागला. तेवढ्यात बाळाबाई आतून हळदीकुंकू आणि गुळाचा खडा घेऊन आली. खडा तिनं त्याच्या तळहातावर ठेवला. "भावजी, हे इसरू नगासा."

गुंडूनं खडा बॅटरीपाशी ठेवला नाही. गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? पण त्याला ते जमलं नाही.

"सयाजी, ह्या गुळानंच उंदीर आला. तुझा पाय माझ्यामुळं गेला."

सयाजी आधी हसला. मग त्याचं हसू मावळलं. नकळत त्याचा हात रिकाम्या पायजम्यावर गेला आणि तिथंच थांबला. बाळाबाईनं गुंडूच्या हातातला खडा उचलला आणि ती आत निघून गेली.

ती गेली त्या दाराकडं बघत सयाजी म्हणाला, "पाच वर्सं ती रोज सकाळी तुझ्या नावानं देवापुढं गुळाचा खडा ठिवत हुती. माझा पाय गेला, धंदा गेला, पर तेवढ्यावर आमी दोघं तगलो हुतो. कशापायी सांगाय आलास रं? तेवढं तरी ऱ्हाऊ द्यायचं हुतंस की."