तळिया घासणारा

सुरतेत मी एकोणीस वर्षं हिरे घासले, असं आमच्या लोणखेड्यात सगळ्यांना वाटतं. खरं सांगायचं तर अर्धेच घासले. हिऱ्याला वर सपाट टेबल असतं, त्याभोवती उतरता मथाळा, मग केसाएवढी कंबर, आणि खाली टोकापर्यंत निमुळता होत गेलेला तळिया. कारखान्यात ज्याचा भाग त्याच्याकडे. माझ्याकडे तळिया. टेबल कसं करतात हे मला आजही नीट सांगता यायचं नाही. तरी गावात कुणी खडा दाखवला, की मी एक डोळा मिटून "हं" म्हणतो. त्या "हं"वर माझी इज्जत टिकून आहे.

पोराच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी होणाऱ्या सुनेची हिऱ्याची अंगठी आणायला आम्ही दोघं शहाद्याला गेलो. बायकोने ती पाहून मान डोलवली. मी अंगठी उलटवून पाहिली. सोनाराने खड्याची पाठ सोन्याच्या पत्र्याने बंद केली होती.

"शेठ, पाठ काबर बंद करी?"

"भक्कम दिसस, भाऊ. खालथून कोन देखस?"

"हेच देखतस," बायको म्हणाली. "जलमभर यास्नी खालथूनच देखं."

सोनार हसला. मीही हसलो, पण अंगठी सोडली नाही. वरून आत गेलेला उजेड तळियावर आपटतो आणि परत वर येतो, म्हणून तर टेबल चमकतं. पत्रा लावला की मागे साबण, मळ साचतो. तो धुताही येत नाही आणि खडा आंधळा होतो. एवढं सगळं मी बोललो. माझ्या "हं"च्या मानाने ते फारच झालं.

"उद्या साखरपुडा शे," बायको हळूच म्हणाली. "आज हट्ट करू नका."

हा खडा मी घासलेला नव्हता. पण कुणीतरी मान मोडेपर्यंत वाकून तो तळिया केला होता, आणि माझ्या घरच्या अंगठीत तो झाकला जाणार नव्हता.

"पाठ उघडा, नाहीतर खडा काढीसन द्या. उद्या नुसता हार घालसूत."

सोनाराने बायकोकडे पाहिलं. पदर सावरून ती बाकावर ऐसपैस बसली. मग त्याने बारीक करवत काढली.

"लहान भोक पाडी देऊ?"

"भोक नको. पुरा तळिया दिसाले पाहिजे."

मी स्टूल त्याच्या हाताजवळ ओढलं.