दार लावून बोलणारे नाना

भास्करनाना पक्षाच्या कचेरीत आले की खुर्चीवर बसण्याआधी दाराकडे बोट दाखवत. "दार लाव रे भो, घरनी बात शे." सारी उमर एस.टी.त कंडक्टरकी केलेला माणूस. दार लागल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही, ही सवय अंगात मुरलेली. कडी पडली की नाना आमच्या आमदारसाहेबांची जी खरडपट्टी काढत, ती विरोधकांनी ऐकली असती तर त्यांना वेगळी भाषणं लिहावी लागली नसती. साहेब गावात येत नाहीत, आले तर थांबत नाहीत, थांबले तर ऐकत नाहीत. "पहिले साहेब मोटारसायकलवर ये, मंग जीपमा. आते काळी काचनी गाडी. आत कोण बसेल शे ते आपले दिसत नही, आनि आपण त्याले दिसतस नही." सगळं बोलून झालं की घोटभर पाणी पीत आणि स्वतः उठून दार उघडत. दार उघडलं की विषय संपला.

आमच्या तालुक्याचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर साहेब कोण हे जळगावपासून धुळ्यापर्यंत कुणीही ओळखेल, आणि मला अजून याच गावात राहायचं आहे. मी तेव्हा पक्षाचा तालुका चिटणीस होतो. माझं अक्षर बरं, म्हणून पत्रं, ठराव, बैठकीची इतिवृत्तं सगळं माझ्याकडे. नाना मला नावानं कधी हाक मारत नसत, 'चिटणीस' म्हणत, आणि त्यात थोडी थट्टा असे.

एकदा बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर एका कापूस व्यापाऱ्यानं साहेबांना सहज एक शिवी हासडली. खरं तर आदल्याच दिवशी कचेरीत नानांनी याहून जाड शिव्या दिल्या होत्या. पण इथे त्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि व्यापाऱ्याला म्हणाले, "साहेब आमना शे. त्याले नावं ठेवाना हक बी आमनाच. तुले पायजे तर पक्षनी पावती फाड, आत ये, मंग बोल." चहा तसाच टाकून निघाले. वाटेत मी हसलो तर माझ्यावरच चिडले. मला तेव्हा त्यांचं हे वागणं दुटप्पी वाटायचं. आता वाटत नाही.

नगरपालिकेची निवडणूक आली. नानांच्या वॉर्डात वर्षानुवर्षं सतरंज्या उचललेल्या कार्यकर्त्याला बाजूला सारून साहेबांनी एका ठेकेदाराला तिकीट दिलं. हा ठेकेदार महिन्यापूर्वी दुसऱ्या पक्षात होता. कचेरीत बैठक बसली. दार लागलं. नाना त्या दिवशी बसले नाहीत, उभ्यानंच बोलले. "साहेबनी पक्षनी धर्मशाळा करी टाकी. ज्याले जागा नही तो आठे झोपाले येस, आनि घरना मानूस ओट्टावर." बराच वेळ बोलले. शेवटी आवाज खाली आला. "बोलनं ते बोलनू. आते काम. मत बठ्ठासनी, एकूणएकनी, त्या ठेकेदारलेच द्यानं. चिन्ह आपलं शे." आणि दार उघडलं.

बैठकीचं इतिवृत्त लिहिताना काही सुटू नये म्हणून मी मोबाइलवर सगळं बोलणं रेकॉर्ड करून घेत असे. घरी गेल्यावर ते स्वतःलाच पाठवायचं आणि सावकाश ऐकत लिहायचं, अशी माझी पद्धत. त्या दिवशी ते स्वतःला पाठवण्याऐवजी मी तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवलं. जेवायला बसलो होतो. लक्षात आलं तेव्हा हात धुऊन ते ग्रुपवरून काढून टाकलं, पण तोवर ते गावभर पोचलं होतं. संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्याचा शेवट छाटला. धर्मशाळा राहिली, 'चिन्ह आपलं शे' गेलं.

मी धावत नानांकडे गेलो. ते ओट्यावर मतदारयादी घेऊन बसले होते आणि मेलेल्यांच्या नावांवर लाल रेघ मारत होते. शेजारी त्यांच्या पत्नी, अक्का, तांदूळ निवडत होत्या. नानांनीच यादीतून डोकं वर न काढता म्हटलं, "तुनं बोट घसरनं. माले माहीत शे. बस, चहा पी."

साहेबांना मात्र तसं वाटलं नाही. त्यांनी मला बंगल्यावर बोलावलं, चार लोकांसमोर पाठीवर थाप मारली. "चिटणीस, तुम्ही घरातला साप दाखवलात. अशी निष्ठा पाहिजे." माझं बोट चुकलं होतं, एवढंच मला सांगायचं होतं. एका वाक्याचं काम. ते मी आजपर्यंत केलेलं नाही. मला उपाध्यक्ष केलं, आणि पहिलं काम दिलं ते नानांच्या निलंबनाचं पत्र लिहिण्याचं. मी ते माझ्या बऱ्या अक्षरात लिहिलं: जाहीर पक्षविरोधी वक्तव्य केल्याबद्दल सहा वर्षांसाठी निलंबित.

पत्र घरी पोचवायची लाज वाटत होती. ते नानांनी ओळखलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तेच कचेरीत आले. इस्त्रीचा सदरा घालून. उभ्यानं पत्र वाचलं. "सहा वरीस? म्हंजे मी सत्त्याहत्तरना व्हसू," असं म्हणून हसले. मग 'जाहीर' या शब्दावर बोट ठेवलं. "हाई खोटं शे, चिटणीस. दार लावेल व्हतं." त्यांनी दुसऱ्या प्रतीवर, 'पोच' असं लिहिलेल्या जागी, सावकाश पूर्ण सही केली, तारीख घातली आणि निघाले. जाताना दार त्यांनी बाहेरून ओढून घेतलं.

मतदानाच्या दिवशी शाळेसमोरच्या लिंबाखाली नाना बसलेले दिसले. छातीवर पक्षाचा बिल्ला नव्हता, समोर टेबल नव्हतं, मांडीवर फक्त ती लाल रेघांची यादी होती. कोण अजून आलं नाही ते बघून निरोप धाडत होते, आणि तेही त्याच ठेकेदारासाठी! मी न राहवून विचारलं. म्हणाले, "पक्षनी माले काढं. मी पक्षले थोडंच काढेल शे?" ठेकेदार निवडून आला. मिरवणूक नानांच्या दारावरून गेली, पण थांबली नाही.

पुढच्याच वर्षी साहेब पक्ष सोडून गेले. एकटे गेले नाहीत, अख्खा तालुका घेऊन गेले. सकाळी कचेरीवरचा फलक बदलला, दुपारी आमच्या गळ्यातले पंचे बदलले. मीही गेलो. का गेलास म्हणून कुणी विचारलं तर माझ्याकडे चार कारणं तयार आहेत, पण त्यातलं एकही नानांसमोर उच्चारायची माझी छाती नव्हती.

आठवड्यानं नाना माझ्या घरी आले. खिशातून घडी केलेला कागद काढला. "अर्ज लई उनू. निलंबन मागे घ्या." मला समजेना. ते समजावून सांगू लागले, तिकिटाचे सुटे पैसे समजावावेत तसं. "बठ्ठा गयात. तू बी गया. या तालुकामा पक्षना मी एकलाच मानूस शे, आनि मी बी निलंबित. मंग पक्षमा कोण शे? कोणीच नही." त्याआधी ते तीनदा एस.टी.नं जळगावला जाऊन आले होते. जिल्हा कचेरीला कुलूप, जागा कुणाची यावरून भांडण, दारावर नोटीस. "ज्यासनी काढं त्यासनीच परत घेवाले पायजे. जुना शिक्का तुनाकडेच शे ना?"

शिक्का होता. कपाटाच्या खणात, शाईच्या डबीशेजारी. पाच मिनिटांचं काम होतं. पण साहेबांना कळलं तर? आणि मी आता कोणत्या अधिकारानं सही करणार? मी म्हटलं, "बघतो, नाना." त्यांनी मान हलवली, अर्ज माझ्याकडे ठेवला आणि पंधरा दिवसांनी परत आले. मी परत म्हटलं, बघतो.

त्याच सुमारास एक पत्रकार त्यांच्याकडे गेला. आता साहेबांवर मोकळेपणानं बोला, आता कसली भीती, म्हणाला. नाना त्याला म्हणाले, "मी निलंबित मानूस. माले बोलाना अधिकार नही." पत्रकारानं हे सगळ्या गावाला हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. नानांना बोलायला आधी घर लागत होतं, आणि लावायला दार.

पावसाळा संपता संपता नाना गेले. झोपेतच. दहाव्याच्या आधी साहेब भेटायला आले, मी त्यांच्या गाडीत पुढे बसलो होतो. साहेबांनी नानांच्या फोटोला हार घातला, त्यावर नव्या पक्षाचा पंचा ठेवला आणि म्हणाले, "आमचा निष्ठावंत माणूस गेला." बाहेर गर्दी होती, मोबाइल वर धरलेले होते. जन्मात राजकारणावर अवाक्षर न काढलेल्या अक्का कोपऱ्यातून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, दार लाव."

मी दार लावलं. अक्कांनी आधी तो पंचा उचलला, नीट घडी केली आणि साहेबांच्या हातात परत दिला. मग म्हणाल्या, "साहेब, त्यासले पक्षमा परत घेवाना कागद कोणकडे शे?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "कसला कागद?"

मी जमिनीकडे पाहत म्हटलं, "बघतो, अक्का."

अक्कांनी उठून दार उघडलं.

त्या दिवशी घरी येऊन मी खण उघडला. शाई वाळली होती, दोन थेंब पाणी घातलं. अर्जाखाली 'निलंबन मागे घेण्यात येत आहे' असं लिहिलं, शिक्का मारला, सही केली. जुन्या सवयीनं खाली उजव्या कोपऱ्यात 'पोच' लिहिलं आणि सहीपुरती जागा सोडली.

तो कागद अजून माझ्याकडेच आहे. जागा कोरी आहे.