वांग्याचं झाड

वरून हुकूम आला की मुलांना निसर्ग पुस्तकातून नव्हे, मातीतून शिकवा. हुकूम काढणाऱ्यांनी पाण्याबद्दल मात्र एक अक्षर लिहिलं नव्हतं. भवानी पेठेतल्या आमच्या मुलींच्या शाळेमागे मुरमाड जागेचा एक तुकडा होता, तिथे बाग करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आधीच साठ मुलींच्या कलकलाटाने माझं डोकं उठलेलं असायचं. त्यात घागरी वाहायच्या.

बहुतेक मुली विणकरांच्या. घरी तेलुगू बोलायच्या, शाळेत मराठी. प्रत्येकीला एकेक वांग्याचं रोप दिलं. लावणीच्याच आठवड्यात त्यातल्या एकीची आई दारात येऊन उभी राहिली.

"बाई, मागाला सुताच्या कांड्या पुरंनात. पोरीला आता घरी बशिवते. कांड्या भरायचा रहाट कोण फिरवणार?"

तिचंही खोटं नव्हतं. घरात एकच माग आणि नवरा दम्याने बेजार. पण मुलगी रोपापाशी बसून रडायला लागली, काही केल्या उठेना. शेवटी आईच वैतागून म्हणाली, "बरं, तुज्या झाडाला वांगं लागूस्तर ये. मग गुमान रहाटावर बसायचं."

मी हुश्श केलं. दोन महिने तरी मिळाले.

पुढे वारा सुटला आणि रोपं माना टाकू लागली. एका सकाळी पाहते तर या मुलीच्या रोपाचा दांडा पांढराफटक, कडक. सुताला लावायची पिठाची खळ तिने घरून वाटीत आणून रोपाला वरपासून खालपर्यंत चोपडली होती.

"खळ लावली की सूत तुटत न्हाय की, बाई," ती म्हणाली. वर माझ्याकडे अशी पाहत होती, की एवढं साधं तुम्हाला कसं ठाऊक नाही!

रागवायचं त्राण माझ्यात नव्हतं. पिठाला मुंग्या लागल्या होत्या. माझ्या पिण्याच्या तांब्यातलं पाणी ओतून आम्ही दोघींनी ते रोप धुतलं. ते जगलं. नुसतं जगलं नाही, सगळ्यांत जोमाने वाढलं.

इतर झाडांना वांगी लागली. मुली ती पदराखाली झाकून घरी नेऊ लागल्या. हिच्या झाडाला मात्र काही लागेना. मी पानं उलटीपालटी करून पाहिली, राख टाकली, किडींवर वर्गात लांबलचक बोलले. ती पहिल्या रांगेत बसून सगळं मन लावून ऐकत होती.

मग एकदा मधल्या सुट्टीत मी उन्हाला कंटाळून भिंतीच्या सावलीत टेकले होते. ती आली, झाडापाशी वाकली आणि जांभळी फुलं एकेक करून खुडून ओच्यात टाकू लागली. काटे बोचत होते तरी एकही फूल तिने सोडलं नाही.

मी हाक मारली नाही. या पोरीला फुलाचं फळ कसं होतं ते मीच शिकवलं होतं आणि वर्गात ते तिच्याइतकं कुणालाच कळलं नव्हतं.

चैत्रात तिची आई पुन्हा आली. शेजारणीच्या घरी शाळेतल्या वांग्यांची भाजी झालेली तिने पाहिली होती. झाडाभोवती एक फेरी मारून ती म्हणाली, "हे वांझ हाय, बाई. ह्याच्यापायी किती दिस थांबायचं?" मी आणखी महिनाभर मागून पाहिला. ती नको म्हणाली, तेही हात जोडून. मुलगी या वेळी रडली नाही. पाटी उचलून आईच्या मागोमाग गेली.

घागरी मी वाहतच राहिले. पंधरवड्यात ते झाड वांग्यांनी लगडलं. फुलं खुडणारं आता कुणी उरलं नव्हतं.