सुमनअक्काचा काळा हात

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाकडं येईल. चौथीनंतर लिहायची सवय सुटली, त्याबद्दल माफी असावी. पण सुमनअक्काबद्दल लोकांनी फोनवर नको ते लिहिलं, मग चुकतमाकत का होईना, मीही लिहिणार.

चोपड्याजवळच्या आमच्या गावात, अक्काच्या पडवीत आम्ही सहा बायका कच्च्या केळीचे वेफर्स तळायचो. अक्का किसणी थेट कढईवर धरायची. चकत्या तेलात पडत राहायच्या आणि तिचं तोंडही चालू राहायचं. "हात थांबना की तेल जळनं," हे दिवसातून दहादा. केळी सोलताना चीक लागतो. लागतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, मग काळा पडतो आणि साबणानेही जात नाही. अक्काचे तळवे तर तव्यासारखे झाले होते. मी चारचौघांत हात पदराखाली धरायचे. ती ओरडायची, "कसाले दपाडस वं? चोरी करेल शे का?"

एकदा बाजारात कुणीतरी तिच्या तळव्याचा फोटो काढला. खाली लिहिलं, परदेशी कंपनीने या बायकांना गुप्त रसायन दिलंय, हे वेफर्स खाल्ले की मूल होत नाही. मी तिला ते वाचून दाखवलं. अक्का हसतच सुटली. "माले पाच पोरे शेत! कंपनीले सांग, औषध बदली टाक."

हसणं दोन दिवस टिकलं. मग तो हात फोनवर सगळीकडे फिरू लागला, लोक तो कशाच्याही फोटोवर चिकटवायचे. कडू चहावर तोच हात, शिळ्या भज्यांवर तोच, पुढाऱ्याच्या आश्वासनावरही तोच. हात दिसला की विष समजायचं, असा त्याचा अर्थच ठरून गेला. आमच्याकडे त्याच हाताचा अर्थ काम होता. जळगावच्या दुकानदाराने माल थांबवला. तो एकटाच आमचा माल घ्यायचा. त्याने पाठ फिरवली की पडवी बंद.

अक्का मला घेऊन एसटीने जळगावला गेली. पिशवीत चार कच्ची केळी आणि सुरी.

"अक्का, तो चीक आहे हे मला ठाऊक आहे हो," पांढऱ्याशुभ्र गादीवरून दुकानदार म्हणाला. "पण गिऱ्हाइकाला कोण समजावणार? हातमोजे घालून एक फोटो काढा, मी तो सगळ्यांना पाठवतो. उद्यापासून माल सुरू."

मला वाटलं, सुटलो.

"मोजा घालात म्हणजे तो फोटो खरा ठरना," अक्का म्हणाली. "भाऊ, गिऱ्हाइकले तूच समजाड." तिने केळं कापलं, चीक तळव्याला चोपडला आणि पंजा गादीवर दाबला.

"अहो, हे काय करताय!"

"काय शे तठे? काहीच नही. सकायले देख."

दुसऱ्या दिवशी गादीवर काळा पंजा उमटला. त्याने खोळ तीनदा धुतली म्हणे. येईल तो विचारायचा, हा हात कुणाचा? केळीचा चीक, केळीचा चीक, सांगून सांगून तो थकला, पण गिऱ्हाइकांना पटलं आणि आठव्या दिवशी त्याचा फोन आला. "माल पाठवा अक्का. पण पुन्हा गादीजवळ येऊ नका!"

मोजे आम्ही घातले नाहीत. तो फोटो अजून फिरतो. फिरू दे.

यंदा उन्हाळ्यात अक्का गेली. शेवटच्या अंघोळीला तिची धुळ्याची नणंद राख घेऊन तळवे घासू लागली. देवाकडे असे हात नेऊ नयेत म्हणाली. बायकांनी अंगण भरलं होतं. चारचौघांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. मी पुढे झाले आणि नणंदेचं मनगट धरलं.

"घासू नका," मी म्हणाले. "हात तसाच ऱ्हाऊ द्या."