वाईट आधी सांगणारी अक्का

अक्का खोली दाखवायच्या आधी खोलीचे दोष सांगायची. आलेला माणूस जिन्याखाली चप्पल काढत असायचा तोवर हिचं सुरू. "पाणी रोज येत न्हाय. उन्हाळ्यात पत्रा तापतो, दुपारी झोप लागत न्हाय. संडास खाली हाय. बघायची असंल तर वर चला." अर्धी माणसं तिथूनच परत जात. जी वर जात, ती वर्षानुवर्षं राहत.

ती मूळची दुधनीची. नवरा यंत्रमागावर होता, तो लवकर गेला. सोलापुरात आमच्या घरासमोर तिचं घर, खाली एक खोली, वर एक खोली. खाली राहायची आणि वरच्या भाड्यावर जगायची. मुलगा पुण्यात. ती त्याच्याकडे काही मागायची नाही, तोही विचारायचा नाही.

सात रस्ता चौकातल्या एजंटाची पायरी ती कधी चढली नाही. "म्हैन्याचं भाडं त्याला कशापायी? जिना त्यो झाडतो व्हय?" पत्र्याच्या तुकड्यावर चुन्याने 'खोली देणे आहे' असं मी लिहून द्यायची. मी चौथीपर्यंत गेलेली, ती तेवढीही नाही. पण पाटीवर तिचा भरवसा नव्हता. तिची जाहिरात व्हायची पिठाच्या गिरणीत. खोली रिकामी झाली की ती ज्वारी थोडी थोडी न्यायची, म्हणजे रोज जाता यावं. रांगेतल्या बायकांना सगळं ठाऊक असतं. कुणाच्या जावा भांडून वेगळ्या निघाल्यात, कुणाची भाची नोकरीला आली आहे. अक्का रोज डबा घेऊन निघाली की गल्लीला कळायचं, वरची खोली रिकामी आहे.

शेवटची भाडेकरू सांगोल्याकडची एक पोरगी होती. घरी मेंढरं, ही इथे खाजगी दवाखान्यात नर्स. कावीळ अंगावर काढत ड्यूटी केली आणि वरच्या खोलीतच गेली. बाप घोंगडं पांघरून आला, उंबऱ्यावर बसला. "लई तरास झाला का तिला?" त्याने विचारलं. मला वाटलं, इथे तरी अक्का खोटं बोलेल.

"व्हय," ती म्हणाली. "पर एकटी न्हवती. डोस्कं माज्या मांडीवर हुतं."

त्यानंतर तिच्या सांगण्यात एक वाक्य वाढलं. पाणी, पत्रा, संडास, आणि मग, "वर एक पोरगी गेली, काविळीनं. खोली चुन्यानं धुऊन काढली हाय." हे ऐकून एकही माणूस जिना चढला नाही.

मी तिला म्हटलं, "अक्का, गप बस की. कावीळ काय भिंतीत ऱ्हाती का?"

"भिंतीत ऱ्हात न्हाय, तोंडात ऱ्हाती. उद्या नळावर तूच सांगशील. मग ती बाई सामान उचलंल आन् मी खोटी पडंन."

तिचं खरं होतं. मी सांगितलंच असतं.

भाडं थांबलं तशी ती एकवेळ जेवू लागली. पुढे दळायला ज्वारीही उरली नाही. तरी रिकामा डबा काखेत घेऊन गिरणीत जायची, रांगेच्या शेवटी उभी राहायची, बायकांना खोलीचं सांगायची आणि परत यायची.

दिवाळीला मुलगा आला. त्याने मोबाईलवर खोलीचे फोटो टाकले आणि आईला तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं. नवीन लग्न झालेलं एक जोडपं आलं. पोरगी जिन्यापाशी आली आणि अक्काने सांगून टाकलं. जोडपं गेलं.

मुलगा भडकला. "आई, तू खोली भाड्याने देतेस का दहाव्याला बोलावतेस? बस झालं. घर विकायचं, तू पुण्याला चल."

"अजून एक म्हैना दे. गिरणीत सांगिटलंय मी."

त्याने महिना दिला नाही. गिऱ्हाईक त्याने आधीच बघून ठेवलं होतं.

ती निघाली त्या दिवशी रिक्षा दारात उभी होती. गाठोडं मांडीवर घेऊन अक्का आत बसली होती. तेवढ्यात एक बाई दोन मुलींचे हात धरून आली. गिरणीत कळलं म्हणाली, वरची खोली बघायची आहे. अक्का रिक्षातूनच बोलली, "पाणी रोज येत न्हाय. वर एक पोरगी गेली, काविळीनं."

"म्या दवाखान्यात मेलेल्यांच्याच चादरी धुती, अक्का. खोलीला कडी लागती न्हवं आतनं?"

"लागती."

"मग किल्ली द्या."

अक्काने मुलाकडे बघितलं. तो रिक्षावाल्याला म्हणाला, "चला, गाडी चुकेल."

मी त्या बाईला आणि मुलींना पाणी दिलं. पाणी पिऊन ती दुसरी खोली शोधायला गेली.

वर्षही झालं नाही तोच पुण्याहून निरोप आला, अक्का गेली. नंतर मुलगा आमच्याकडे ठेवलेलं तिचं सामान भंगारात घालायला आला आणि आमच्या दारात टेकला. मी विचारलं, "तितं कशी ऱ्हात हुती रे ती?"

"चांगली होती की, मावशी. हॉलमध्ये सोफ्यावर झोपायची. दोनच बेडरूम आहेत ना. मुलांना अभ्यासाला वेगळी खोली लागते."

ऊन कडक होतं आणि तो घामाने भिजला होता. मी त्याला पाणी विचारलं नाही.