ड्रमखालची गोधडी

शेवटचा चहा आम्ही दोघांनी गोठ्यातच घेतला. माझ्यासोबतचा हा पोरगा पलूसचा वायरमन, रॉक बँडात ड्रम वाजवतो. एरवी कपावर, गुडघ्यावर बोटं चालूच. म्हशी विकल्यावर माझ्या बायकोनंच बँडला सरावासाठी रिकामा गोठा दिला. ड्रम सरकायचा, म्हणून स्वतः शिवलेली गोधडी खाली अंथरली. "बडव रं, पर ताल सोडू नगंस!" म्हणायची. मला तो निव्वळ गोंगाट वाटायचा. ती गेली, घर खायला उठलं, तवा त्या गोंगाटानंच मला जगवलं.

आता बँड पुण्याला निघाला होता. त्यानं गोधडी झटकून माझ्या मांडीवर ठेवली. "आवं आबा, आजीच्या हातची हाय. ऱ्हाऊ द्या तुमाला."

तिच्या हातची तेवढीच उरली होती. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी बँडचा टेम्पो सुटायच्या आधी आत चढलो आणि मीच ती ड्रमखाली अंथरली.